शक्ति-इलेक्ट्रॉनिकी उद्योगातील एकस्वे व परवाने

शक्ति-इलेक्ट्रॉनिकी उद्योगातील एकस्वे व परवाने : अर्धसंवाहक (धातू व निरोधक यांच्या दरम्यान विद्युत् संवाहकता असलेल्या) पदार्थांपासून बनविलेल्या प्रयुक्तींच्या साहाय्याने विद्युत् शक्तीचे एका रूपातून दुसऱ्या रूपात परिवर्तन व नियंत्रण करण्याच्या तंत्रविद्येस शक्ति-इलेक्ट्रॉनिकी म्हणतात. एकदिशकारक, परिवर्तक, चलित्रांची गती कमीजास्त करणारी नियंत्रक साधने, रेल्वे एंजिनांतील कर्षण-यंत्रणा, सौर पंपांचे नियंत्रक इ. साधने या तंत्रविद्येवर आधारलेली आहेत. एकस्व म्हणजेच पेटंट. नव्या, जाणकारास सहज न सुचणाऱ्या व उद्योगात वापरता येण्याजोग्या शोधाबद्दल शासन शोधकास मर्यादित मुदतीपुरता जो हक्क देते त्यास ही संज्ञा आहे. या हक्कामुळे एकस्वधारकाच्या संमतीशिवाय इतरांना त्या शोधाची निर्मिती, वापर, विक्री वा आयात करता येत नाही. ही संमती कराराने व बहुधा मोबदला घेऊन दिली जाते, तेव्हा तिला परवाना म्हणतात आणि मोबदल्यास स्वामित्वशुल्क म्हणतात. विनापरवाना वापर झाल्यास न्यायालयामार्फत हक्क बजावून घेणे, ही एकस्वाची अंमलबजावणी होय.

हा विषय वरवर पाहता केवळ कारखानदार व वकील यांच्यापुरता वाटतो. तथापि परिवर्तक केंद्रासारखी साधने तीस-चाळीस वर्षे चालवावयाची असतात आणि एकस्वाची मुदत वीसच वर्षांची असते. या काळात केंद्राची दुरुस्ती कोणी करावी, सुटे भाग कोणाकडून घ्यावेत, नियंत्रण-यंत्रणा कोणी बदलावी, हे प्रश्न वीज वापरणाऱ्या सर्वांशी निगडित असतात. महाराष्ट्रात या प्रश्नांचे स्वरूप चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या परिसरात विशेष स्पष्टपणे पहावयास मिळते.

चंद्रपूर–गडचिरोली परिसरातील परिवर्तक यंत्रणा : वर्धा खोऱ्यातील कोळशामुळे चंद्रपूर येथे मोठे औष्णिक विद्युत् केंद्र उभारण्यात आले. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यावर व ५०० मेगॅवॉटचे दोन नवे संच जोडले गेल्यावर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगॅवॉट झाली. विजेची मोठी मागणी मात्र राज्याच्या पश्चिम टोकाला, मुंबई–ठाणे भागात आहे. हे अंतर पार करण्यासाठी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किमी. लांबीची, ± ५०० किलोव्होल्ट दाबाची व १,५०० मेगॅवॉट क्षमतेची एकदिश प्रवाहाची वाहिनी उभारली. एबीबी व भारत हेवी इलेक्ट्रिकल्स यांच्या सहभागातून बांधलेली ही वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर ती राज्याच्या पारेषण कंपनीकडे आली.

त्याच जिल्ह्यात भद्रावती येथे पॉवर ग्रिड कॉर्पोरेशनचे, प्रत्येकी ५०० मेगॅवॉटच्या दोन संचांचे परिवर्तक केंद्र आहे. जीईसी ॲल्स्थॉम या कंपनीने त्याची सामग्री पुरविली. १९९०–२००० या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या केंद्रात लांब वाहिनी नाही. एका बाजूने येणारा प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह एकदिश केला जातो आणि त्याच आवारात तो पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. पश्चिम व दक्षिण भारतातील विद्युत् जाले त्या काळी समकालिक नव्हती, म्हणजे त्यांच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्या) एकमेकींशी जुळवलेल्या नव्हत्या. अशा दोन जालांमध्ये विजेची देवघेव या केंद्रामुळे शक्य झाली. डिसेंबर २०१३ अखेर सोलापूर–रायचूर वाहिनीद्वारे ती दोन्ही जाले समकालिक झाली.

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा करण्यात आला. त्याच्या आग्नेय सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रावती नदीच्या वरच्या अंगास, बस्तर भागातील बारसूर येथून आंध्र प्रदेशातील लोअर सिलेरूपर्यंत १९६ किमी. लांबीची प्रायोगिक एकदिश वाहिनी १९८९ मध्ये सुरू झाली. परदेशी कंपन्यांकडे असलेले हे तंत्र देशात विकसित करावे, या हेतूने भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने हा प्रकल्प हाती घेतला होता. याशिवाय चंद्रपूर व बल्लारशा येथून जाणाऱ्या दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर धावणारी त्रिकला एंजिने हीसुद्धा शक्ति-इलेक्ट्रॉनिकीचीच उदाहरणे आहेत. म्हणजे देशी प्रयत्न, परदेशी कंपनीशी सहभाग आणि तंत्रज्ञान-हस्तांतरण हे तंत्र मिळविण्याचे तिन्ही मार्ग याच पट्ट्यात आढळतात.

एका परिवर्तकातील एकस्वे : औषधाच्या बाबतीत पुष्कळदा एका रेणूवर एक प्रमुख एकस्व असते. परिवर्तकाचे तसे नाही. तो अनेक शोधांचा समुच्चय असतो व त्यांची एकस्वे निरनिराळ्या थरांवर पसरलेली असतात. पहिला थर अर्धसंवाहक प्रयुक्तीचा म्हणजे थायरिस्टर वा तत्सम स्विचाची अंतर्रचना व ती बनविण्याची प्रक्रिया यांचा असतो. दुसरा थर मंडल-रचनेचा, म्हणजे या प्रयुक्ती परस्परांना कशा जोडावयाच्या याचा असतो. तिसरा थर प्रयुक्तीस नेमक्या क्षणी चालना देणाऱ्या व दोष उद्‌भवल्यास तिचे संरक्षण करणाऱ्या मंडलांचा असतो. चौथा थर नियंत्रण-पद्धतींचा व पाचवा शीतन, निरोधन आणि यांत्रिक बांधणी यांचा असतो.

उदा., चंद्रपूर येथील परिवर्तकात अनेक थायरिस्टर एकसरीत जोडून एकेक संच बनविलेला असतो. पाण्याच्या झडपेप्रमाणे तो प्रवाह एकाच दिशेने व ठरविलेल्या क्षणीच जाऊ देतो म्हणून त्यास झडप असेच म्हणतात. सर्व थायरिस्टर एकाच क्षणी सुरू व्हावेत व कोणत्याही एकावर जास्त विद्युत् दाब येऊ नये, यासाठी योजलेल्या प्रत्येक युक्तीवर स्वतंत्र एकस्व असू शकते. त्यामुळे एका कंपनीकडे थायरिस्टरचे एकस्व आहे एवढ्याने तिला पूर्ण केंद्र उभारता येईलच असे नाही, कारण शीतनाची वा नियंत्रणाची एकस्वे दुसऱ्या कंपनीकडे असू शकतात.

नियंत्रणाच्या थराचे स्वरूप वेगळे आहे. आधुनिक परिवर्तकाचे नियंत्रण संगणकीय कार्यक्रमांद्वारे (प्रोग्रॅमद्वारे) होते. भारतीय कायद्यानुसार संगणकीय कार्यक्रम स्वतःहून एकस्वास पात्र नसतो. परंतु त्यावर लेखाधिकार असतो व त्याची मुदत एकस्वाच्या मुदतीपेक्षा पुष्कळ जास्त असते. शिवाय कार्यक्रमाचा मूळ पाठ कंपनी बहुधा उघड करीत नाही.

इतिहास : उच्च दाबाच्या एकदिश पारेषणाचा पाया स्वीडनमधील उनो लाम यांनी घातला. आसेआ या कंपनीत काम करताना पाऱ्याच्या वाफेच्या झडपेत विद्युत् दाब टप्प्याटप्प्याने विभागण्याची युक्ती त्यांनी शोधली व १९२९ मध्ये तिचे एकस्व मिळविले. या तत्त्वावरील व्यापारी वाहिनी गॉटलंड बेटाकरिता १९५४ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात एकस्वाची मुदत उलटून गेली होती. या क्षेत्रात शोध व त्याचा व्यापारी उपयोग यांत केवढे अंतर पडू शकते, हे यावरून दिसते. अशा वेळी शोधकाच्या कंपनीचा लाभ मूळ एकस्वापेक्षा मधल्या काळात साचलेल्या अनुभवातून व पुढच्या सुधारणांच्या एकस्वांतून येतो.

अर्धसंवाहकांच्या प्रसारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांचे परवाना-धोरण कारणीभूत झाले. १९५२ मध्ये ट्रँझिस्टरच्या निर्मितीचे ज्ञान २५,००० डॉलर आगाऊ स्वामित्वशुल्क भरणाऱ्या कंपन्यांना खुले करण्यात आले. मक्तेदारीविरोधी खटल्यातील जानेवारी १९५६ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्यानुसार बेल समूहाची तोवरची एकस्वे बहुतांशी विनाशुल्क वापरण्यास उपलब्ध झाली. १९५७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर तयार केला व लवकरच तो बाजारात आणला. पुढील पंधरा वर्षांत त्याने पाऱ्याच्या झडपांची जागा घेण्यास सुरुवात केली.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आयजीबीटी या प्रयुक्तीचा होय. एकाच कल्पनेवर निरनिराळ्या प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी काम झाल्याचे हे उदाहरण आहे. आरसीए कंपनीतील हान्स बेके व कार्ल व्हीटली यांना या जातीच्या प्रयुक्तीचे अमेरिकी एकस्व १९८२ मध्ये मिळाले. त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये मूळचे भारतीय असलेले बी. जयंत बालिगा यांनी ती व्यवहारोपयोगी केली. बालिगा यांना या कार्याबद्दल २०२४ चे मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. २००१ नंतर म्यूनिक येथील राइनर मार्क्वार्ट यांनी लहान लहान एकसारख्या घटकांचा साखळीवजा परिवर्तक पुढे आणला. २०१० मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका वाहिनीत त्याचा प्रथम मोठा व्यापारी उपयोग झाला. भारतात २०२१ मध्ये सुरू झालेली पुगळूर–त्रिशूर वाहिनी आयजीबीटी वापरणाऱ्या परिवर्तकांवर चालते.

भारतीय कायदा : भारतात शोधांविषयीचा पहिला अधिनियम १८५६ चा होय. १९११ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही काही काळ चालू राहिला. परदेशी धारक एकस्वे घेऊन ठेवतात पण देशात उत्पादन करीत नाहीत, असे टेकचंद व अय्यंगार यांच्या चौकशींतून पुढे आले. त्यातून एकस्व अधिनियम, १९७० हा कायदा झाला व तो २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यानुसार बहुतेक शोधांना चौदा वर्षांचे संरक्षण मिळे.

या अधिनियमाच्या मूळ कलम ५ मध्ये शक्ति-इलेक्ट्रॉनिकीशी थेट संबंध असलेली एक तरतूद होती. रासायनिक प्रक्रियेने बनणाऱ्या पदार्थांवर एकस्व न देता केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर द्यावे, असा नियम त्यात होता आणि या पदार्थांत मिश्रधातू व प्रकाशीय काच यांबरोबर अर्धसंवाहकांचाही नामोल्लेख होता. म्हणजे पदार्थ म्हणून अर्धसंवाहकावर मक्ता मिळत नसे आणि वेगळ्या प्रक्रियेने तो बनविण्यास मोकळीक होती. मात्र त्या पदार्थापासून घडविलेले साधन वा मंडल यांना हा निर्बंध लागू नव्हता. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून कलम ५ वगळण्यात आले. त्याआधी २००२ च्या दुरुस्तीने एकस्वाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे करण्यात आली होती. ती दुरुस्ती २० मे २००३ रोजी अमलात आली व त्या वेळी चालू असलेल्या एकस्वांनाही हीच मुदत मिळाली.

एकस्व हे देशापुरते असते. स्वीडन वा जर्मनीत घेतलेले एकस्व भारतात आपोआप लागू होत नाही. त्यासाठी येथे विहित मुदतीत अर्ज करावा लागतो. पॅरिस संकेत व एकस्व सहकार तह यांत भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी सामील झाला. भारतात ज्या शोधासाठी अर्जच झाला नाही, तो येथे वापरण्यास कोणासही मुभा असते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई येथील एकस्व कार्यालयात दाखल होतात. या विषयाचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपूर येथे आहे.

परवान्यांचे प्रकार व अटी : अनन्य परवान्यात एकाच परवानाधारकास हक्क मिळतो, तर सामान्य परवाना अनेकांना देता येतो. ज्यांची एकस्वे एकमेकांस आवश्यक असतात अशा कंपन्या परस्पर-परवाने घेतात. परिवर्तकातील एकस्वे अनेक थरांत विखुरलेली असल्याने या उद्योगात परस्पर-परवान्यांस विशेष महत्त्व आहे. परंतु ज्याच्याकडे देवघेवीस स्वतःची एकस्वे नाहीत, अशा नव्या उत्पादकास त्यांचा लाभ मिळत नाही. भारतात कोणताही परवाना लेखी असावा लागतो व त्याची नोंद एकस्व नोंदवहीत करावी लागते. नोंद नसलेला दस्तऐवज न्यायालयाने विशेष अनुमती दिल्याखेरीज पुराव्यात घेतला जात नाही.

भारताने परदेशी तंत्र मिळविले ते बहुतांशी नुसत्या एकस्व-परवान्याने नव्हे, तर तंत्रज्ञान-हस्तांतरणाच्या कराराने. एकस्वाचा परवाना म्हणजे ‘आम्ही दावा लावणार नाही’ एवढीच हमी होय. आराखडे, जुळणीची रीत, चाचण्यांच्या पद्धती व कारागिरांचे प्रशिक्षण हे सर्व तंत्रकौशल्यात मोडते व ते स्वतंत्रपणे मागून घ्यावे लागते. १९९३ मध्ये भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीशी त्रिकला एंजिनांचा करार केला तो असाच होता. काही एंजिने तयार आली, काही सुट्या भागांच्या स्वरूपात आली आणि १९९८ मध्ये चित्तरंजन येथील कारखान्यात डब्ल्यूएजी-९ जातीचे पहिले एंजिन तयार झाले. पुढे त्यांतील मूळ जीटीओ थायरिस्टरांच्या जागी आयजीबीटी वापरण्यात आले. तंत्रकौशल्य हाती आल्यामुळे असा बदल देशात करता आला.

परवान्यातील काही अटी अधिनियमाच्या कलम १४० नुसार बेकायदेशीर आहेत. एकस्वाखाली न येणारा मालही परवाना देणाऱ्याकडूनच घ्यावा, परवानाधारकाने केलेल्या सुधारणा केवळ परवाना देणाऱ्यासच द्याव्यात, एकस्वाच्या वैधतेस आव्हान देऊ नये किंवा नको असलेली एकस्वेही एकगठ्ठा घ्यावीत, अशी सक्ती करता येत नाही. तसेच करारातील सर्व एकस्वांची मुदत संपल्यावर परवानाधारकास तीन महिन्यांची सूचना देऊन करारातून मोकळे होता येते, असे कलम १४१ सांगते.

अंमलबजावणी : एकस्वाच्या भंगाबद्दलचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही. प्रतिवादीने एकस्वच अवैध असल्याचा प्रतिदावा केल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ होय. वादीस मनाई हुकूम मागता येतो, तसेच नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळविलेल्या नफ्याचा हिशेब यांपैकी एक मागता येते. भंग करणारा माल जप्त वा नष्ट करण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. अनाठायी दाव्याच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कलम १०६ मध्ये आहे.

या उद्योगात भंग सिद्ध करणे अवघड असते. औषधाचे रासायनिक विश्लेषण करता येते. परंतु परिवर्तकाच्या बंद कपाटात कोणती नियंत्रण-पद्धती चालते हे बाहेरून दिसत नाही. त्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने तपासणी व कलम ११५ खाली नेमलेल्या शास्त्रीय सल्लागाराचे साहाय्य यांना महत्त्व येते. सार्वजनिक सेवेच्या केंद्राविरुद्ध मनाई हुकूम देताना न्यायालयास लोकहिताचाही विचार करावा लागतो, कारण केंद्र बंद पडल्यास वादाशी संबंध नसलेल्या लाखो ग्राहकांची वीज जाते.

परवान्यावरून सुरू झालेला वाद किती लांबू शकतो, हे पवनचक्क्यांच्या क्षेत्रातील एनरकॉन प्रकरणावरून दिसते. जर्मन एनरकॉन कंपनी व भारतीय भागीदार यांनी १९९४ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या पवनचक्क्यांत दंतचक्र-पेटी नसते व निर्माण झालेली वीज परिवर्तकातून जालास दिली जाते. पुढे भागीदारांत मतभेद होऊन एकस्वे रद्द करण्याचे अर्ज, भंगाचे दावे, प्रतिदावे आणि लवादाविषयीचा वाद अशी प्रकरणे निरनिराळ्या मंचांपुढे एकाच वेळी चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०१४ रोजी आलोइस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा या निकालात असे ठरविले, की एकस्व दिल्यानंतरचा विरोध, रद्द करण्याचा अर्ज व प्रतिदावा हे मार्ग एकाच व्यक्तीस एकाच एकस्वाविरुद्ध एकत्र वापरता येणार नाहीत. त्यांतील एकाची निवड करावी लागेल. या प्रकरणांतील काही अर्ज ज्या अपील मंडळापुढे चालले, ते २०२१ मध्ये बरखास्त करण्यात आले व त्याचे काम उच्च न्यायालयांकडे आले.

दुरुस्ती, सुटे भाग व मुदतीनंतरची स्थिती : चंद्रपूर–पडघे वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ रचनेतील शोधांचे अर्ज त्याआधी किंवा फार तर त्या सुमारास केलेले असणार, कारण उघड वापरानंतर शोध नवा राहत नाही. म्हणून वीस वर्षांची कमाल मुदत धरली तरी २०२० च्या सुमारास त्यांवरील एकस्वहक्क संपुष्टात आले. भद्रावती केंद्रास हाच हिशेब लागू पडतो. यानंतर मूळ रचनेबरहुकूम झडप वा तिचा भाग बनविण्यास कोणाच्याही परवान्याची गरज उरत नाही. केंद्राच्या नूतनीकरणात मूळ रचनेऐवजी नवी रचना घेतल्यास मात्र तिच्यावरील नव्या एकस्वांचा विचार करावा लागतो.

तथापि कायद्याची आडकाठी संपली म्हणजे अवलंबित्व संपले असे नाही. एकस्वपत्रातील वर्णन वाचून तत्त्व समजते, पण विशिष्ट केंद्रातील मंडल-आराखडे, घटकांची सहनमर्यादा व नियंत्रण-कार्यक्रमाचा मूळ पाठ त्यात नसतो. ही माहिती व्यापारी गुपित म्हणून राखली जाते व गुपितास मुदत नसते. व्यापारी गुपितांविषयी स्वतंत्र अधिनियम करावा अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये केली. तोवर त्यांचे संरक्षण करार व सर्वसाधारण न्यायतत्त्वे यांवरच अवलंबून होते. अशा रीतीने एकस्वाचा लोकांना मिळावयाचा मोबदला, म्हणजे मुदतीनंतर ज्ञान खुले होणे, हा गुपिते राखल्याने अपुराच मिळतो.

खुद्द कायद्यातही एक बारकावा आहे. कलम १४० मधील मनाईला असा अपवाद आहे, की एकस्वाखालील वस्तू भाड्याने दिली असल्यास किंवा तिच्या केवळ वापराचा परवाना दिला असल्यास, नवे भाग पुरविण्याचा व दुरुस्तीचा हक्क देणाऱ्यास स्वतःकडे राखून ठेवता येतो. वस्तू सरळ विकत घेतली असल्यास हा अपवाद लागू होत नाही. म्हणून केंद्र विकत घेतले की वापराच्या परवान्यावर घेतले, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. परदेशात जो उत्पादक कायद्याने विक्रीस अधिकृत आहे त्याच्याकडून केलेली आयात कलम १०७-क नुसार भंग ठरत नाही. त्यामुळे सुटे भाग मूळ पुरवठादाराच्या भारतीय शाखेकडूनच घेतले पाहिजेत असे बंधन नसते.

दीर्घ काळात पुरवठादार कंपन्यांचेही रूप पालटते. भद्रावती केंद्र पुरविणारी जीईसी ॲल्स्थॉम १९९८ मध्ये ॲल्स्टॉम झाली. तिचा पारेषण विभाग २००४ मध्ये अरेव्हाकडे, २०१० मध्ये पुन्हा ॲल्स्टॉमकडे व २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेला. आसेआ व ब्राउन बोव्हेरी यांच्या विलीनीकरणातून १९८८ मध्ये बनलेल्या एबीबीचा पारेषण विभाग २०२० मध्ये हिताची समूहाकडे आला. प्रत्येक वेळी एकस्वे, आराखडे व करारातील दायित्वे नव्या धारकाकडे जातात. ती कोणाकडे गेली हे एकस्वांपुरते नोंदवहीवरून कळते, परंतु आराखड्यांची अशी नोंदवही नसते. म्हणून मूळ करारात आराखडे व कार्यक्रमाचा मूळ पाठ त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याची व पुरवठादाराने सेवा बंद केल्यास ते ग्राहकास मिळण्याची अट घालणे हितावह असते.

शासकीय वापर व सक्तीचा परवाना : कलम ९९ व १०० अन्वये केंद्र शासनास, तसेच त्याने लेखी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीस, कोणत्याही एकस्वाखालील शोध शासकीय प्रयोजनासाठी वापरता येतो. केंद्र व राज्य शासनांप्रमाणेच शासकीय उपक्रमांच्या कामाचाही या प्रयोजनात समावेश होतो. कायद्याने स्थापलेली, शासनाच्या मालकीची महामंडळे व शासकीय कंपन्या या व्याख्येत बसतात. म्हणजे सार्वजनिक पारेषण कंपनीच्या केंद्रासाठी हा मार्ग खुला आहे. मात्र केवळ शासकीय कामाचे कंत्राट मिळाले म्हणून कंत्राटदारास हे संरक्षण मिळत नाही. लेखी प्राधिकार आवश्यक असतो. धारकास मोबदला द्यावा लागतो व त्यावर एकमत न झाल्यास तो उच्च न्यायालय ठरविते.

एकस्व दिल्यापासून तीन वर्षांनंतर कोणाही इच्छुकास सक्तीच्या परवान्यासाठी कलम ८४ खाली अर्ज करता येतो. लोकांच्या वाजवी गरजा न भागणे, वस्तू परवडणाऱ्या किमतीस उपलब्ध नसणे किंवा शोधाचा भारतात उपयोग न होणे, ही त्याची कारणे होत. भारतातील असा पहिला परवाना ९ मार्च २०१२ रोजी कर्करोगावरील एका औषधासाठी नॅटको कंपनीस मिळाला. परिवर्तकांच्या क्षेत्रात या मार्गाची उपयुक्तता मर्यादित आहे, कारण सक्तीच्या परवान्याने केवळ कायद्याची अडचण दूर होते. तंत्रकौशल्य देण्यास धारक त्यामुळे बांधला जात नाही. औषधाचा रेणू कुशल रसायनशास्त्रज्ञ पुन्हा घडवू शकतात. ५०० किलोव्होल्टची झडप घडविण्यास मोठ्या चाचणी-प्रयोगशाळा व वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो.

लहान ग्राहक : गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे रानातून लांब वाहिन्या नेणे कठीण असते, सौर पंप, सौर दिवे व छोटी सौर केंद्रे यांमार्फत शक्ति-इलेक्ट्रॉनिकी थेट शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचते. सौर पंपाच्या नियंत्रकात सूर्यप्रकाशानुसार पटलातून जास्तीत जास्त शक्ती घेण्याची व चलित्राची गती जुळविण्याची योजना असते आणि तिच्यावर एकस्वे असू शकतात. एकस्वधारकाच्या हक्कात वापरावरील हक्कही येत असल्याने विनापरवाना बनविलेले साधन वापरणारा शेतकरीही तत्त्वतः भंग करणारा ठरू शकतो. एकस्वाची माहिती नव्हती व असण्यास वाजवी कारण नव्हते असे सिद्ध केल्यास कलम १११ नुसार त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. परंतु मनाई हुकूम टळतोच असे नाही. म्हणून सार्वजनिक योजनांच्या निविदांत एकस्वविषयक दाव्यांची जबाबदारी पुरवठादारावर टाकणारी व दुरुस्तीची हमी देणारी अट असणे महत्त्वाचे ठरते. दावा उद्‌भवल्यास त्याचा भार ग्राहकावर न पडता तो साधन निवडणाऱ्या व विकणाऱ्या पक्षांवर राहतो.

एकंदरीत शक्ति-इलेक्ट्रॉनिकीतील एकस्व हा काळ, देश व हक्ककथन या तिन्ही बाबतींत मर्यादित हक्क आहे. दीर्घायुषी सार्वजनिक यंत्रणांच्या बाबतीत त्याहून टिकाऊ बंधन आराखडे, नियंत्रण-कार्यक्रम व अनुभव यांच्या रूपाने पुरवठादाराकडे राहते. ते कायद्याने आपोआप सुटत नाही. खरेदीच्या वेळी केलेल्या करारातील अटी आणि देशात जोपासलेले तंत्रकौशल्य यांवरच ते किती सैल होईल हे अवलंबून असते.